वाढलेल्या खोल्या

"कपाट उघडायचं तर आधी पलंगावर पाय वर घ्या. घर आहे की खुराडं?" धाकटी सून नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

भिंती पातळ. पलीकडे सासूबाईंना शब्दन्‌शब्द ऐकू गेला. थोरल्याच्या बायकोला दिवस गेले होते, तो वेगळं बिऱ्हाड करायच्या गोष्टी करत होता. लेकीच्या शिकवणीची मुलं दारापर्यंत बसत. घर फुटायला आलं होतं.

सासूबाईंनी वाद घातला नाही. मोठा कागद मागवला.

आयुष्यभर त्यांनी खेळण्यांच्या कारखान्यात कोड्यांची चित्रं काढली होती. त्यातलं 'सात बहिणी' सगळ्यात गाजलेलं. सात जणी ओळीने, पायऱ्यांवर उभ्या असाव्यात तशा एकीपेक्षा एक जराशी वर. चित्र मधोमध आडवं कापलेलं. वरची पट्टी एक घर सरकवली की बहिणी सहाच. त्यांची मुलं लहानपणी पुठ्ठा उलटूनपालटून सातवी शोधायची.

"अरे, ती कुठे जात नाही," आई हसायची. "बाकीच्यांत थोडी थोडी वाटली जाते. फूटपट्टी लावून बघा, सगळ्या उंच झाल्यात."

खरंच झालेल्या असत. एकेकीत फक्त सहावा हिस्सा. हात असा सफाईदार, की वाढ कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

रविवारी सकाळी चहाच्या कपांमध्ये घराचा नवा नकाशा पसरला. ओळीतल्या खोल्या, भिंती जराजरा सरकलेल्या.

"मानलं तुला, आई," थोरला म्हणाला. "आमच्याकडे पाळणा बसतोय."

"आणि माझ्याकडे फळा," लेक म्हणाली.

"बाहेरची भिंत तर जिथल्या तिथे," धाकट्याने डोकं खाजवलं. "मग सगळ्यांना जास्त जागा आली कुठून?"

"भूमिती आहे, राजा," आई चष्मा पुसत म्हणाली.

थोरल्याचं बोट एकेका भिंतीवरून सरकत टोकाशी गेलं. थबकलं. मुकाट्याने परत आलं. लेकीने रिकामाच कप तोंडाला लावला. मग कौतुक पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच मोठ्याने. गवंडी उद्याच बोलवावा, असंही ठरत आलं.

धाकट्या सुनेने कागद आपल्याकडे ओढला. तिची खोली अगदी तिला हवी तशी झाली होती. वर एक खिडकीही मिळाली होती. तिने ओळीतल्या खोल्या एकेक करून मोजल्या.

"आई," ती म्हणाली, "यात तुमची खोली नाही."