गाडीचा दोष

तपासनीसाने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. वैजयंतीने मान खाली घातली.

"बॅटरी ठणठणीत, सेल्फही उत्तम," लॅपटॉपवरचे आकडे वाचत तो म्हणाला. "साहेब, एवढी चांगली गाडी विकताय कशाला?"

"चांगली?" तिचा नवरा हसला. "गेल्या मार्चमध्ये माझ्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. घरी ही एकटीच. आणि नेमकी तेव्हाच गाडी सुरू झाली नाही. रिक्षा मिळेपर्यंत अप्पा गेले." त्याने टायरला लाथ मारली. वर्षभरात बायकोला तो एका शब्दाने बोलला नव्हता. सगळा राग गाडीवर काढत होता.

तपासनीस विचारात पडला. "बिघाडाची नोंद तर दिसत नाही. पण एखादी वायर तेवढ्यापुरती सैल झाली असेल, तर आज मशिनला कसं कळणार?"

वैजयंतीला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच शरमही वाटली.

"मग तसं लिहा रिपोर्टात," नवरा म्हणाला. "ऐन वेळी दगा देते म्हणून. पुढच्याचा तरी बाप वाचेल."

"नका लिहू," ती म्हणाली. दोघांनी वळून पाहिलं. "गाडी तेव्हाही सुरू झाली होती. मी कधी एकटीने चालवलीच नव्हती. गेटच्या चढावर माझे हातपाय गळाले. 'चालव गं, मी आहे ना,' अप्पा मागून म्हणत होते. मीच गाडी बंद केली."