खाडीला उघाडी पायजे

पाण्यात सेन्सर सोडल्यापासून खाडी बोलत होती. खाडी वाचवायच्या चौथ्या कार्यशाळेतही टेबलावरच्या स्पीकरच्या डब्यातून तेच आलं, "उघाडी पायजे."

"पावसाची उघडीप मागतेय," सल्लागार मॅडमनी लिहून घेतलं. "ते काही आपल्या हातात नाही."

नागूबाई कोळणीचं डोकंच सणकलं. "अवो मॅडम, उघाडी म्हंजे बांधातलं दार! चार वर्सं बंद हाय, म्हणून पाणी कुजलंय, मासा मरतोय. खाडी आमच्यात ऱ्हाऊन बोलायला शिकली, पुस्तकातनं नाय!"

"शब्दकोशात उघडीपच आहे. पुढच्या कार्यशाळेत बघू."

"तवर खाडी जगली तर बघा!"

नागूबाई तरातरा बाहेर निघाल्या. मागून डबा खरखरला, "नागू, पहार घे गो. दार गंजलंय."