गळतीची चाचणी

लष्कराच्या जुन्या गाडीच्या टपावरच्या झाकणाला आणि मागच्या दाराला मी नवं रबर बसवलं होतं. आत एक थेंब जरी आला, तरी गंजणारी गाडी म्हणून ती भंगारात जाणार होती. मी आत बसलो आणि मुकादमकाकांनी बाहेरून फवारा सोडला.

टपावर पाणी धो धो वाजत होतं. आत मी आणि माझे मोजे, सगळे कोरडे ठणठणीत.

“बाहेर ये रे,” काका वायरलेसवर म्हणाले. “पाणी कधीच बंद केलं. आवार सुकलं, मी ऑफिसात चहा पितोय.”

वाजणं थांबलं नव्हतं. काचेबाहेर पाणी वरपर्यंत चढलं होतं.

झाकणाची मूठ बाहेरून फिरू लागली.

मी दोन्ही हातांनी तिला लटकलो. “कोण असाल ते असा! माझी गाडी भंगारात जाणार नाही!”

मूठ थांबली. मग मागच्या दाराची फिरू लागली.

मी तिच्यात पाय अडकवला.