रिकामा खिळा

समजा, तुम्ही हेडमास्तरांच्या खोलीच्या दारात उभे आहात आणि तुम्हाला कुणी हटकत नाही. आत पाच मोठी माणसं आहेत आणि एक नऊ वर्षांची मुलगी. सगळे तिच्याबद्दल बोलताहेत. तिच्याशी कुणीच बोलत नाही.

मुलीचं नाव राजनंदिनी. घरात आणि शाळेत नंदी. ती स्वमग्न आहे. आवाज तिला आपल्यापेक्षा फार मोठे ऐकू येतात आणि शब्द तिच्या तोंडातून क्वचितच बाहेर पडतात.

मुरगूडजवळच्या या शाळेची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई दस्तगीरमामा त्यावर हातोडी मारायचे. टोल पडला की नंदी कान झाकून पळत सुटायची. दिवाळीनंतर एकदा ती थेट रस्त्यावर गेली. उसाचा ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला. तिच्या वर्गशिक्षिका स्नेहलबाई त्याच दिवशी हेडमास्तरांकडं गेल्या आणि घंटा बदला म्हणाल्या. हेडमास्तर म्हणाले, "एका पोरीसाठी सगळी शाळा बदलायची? आणखी एकदा पळाली, तर मी तिला ठेवून घेणार नाही."

मग आठ दिवसांपूर्वी व्हरांड्यातल्या खिळ्यावरची हातोडी नाहीशी झाली. तेव्हापासून मामा शिट्टी वाजवतात, तीही लांब मैदानात जाऊन. आठ दिवसांत नंदी एकदाही पळाली नाही. म्हणूनच सगळ्यांचा संशय तिच्यावर आला.

"हातोडी काय, उद्या नवी आणू," शाळा समितीचे अध्यक्ष बाळासो म्हणाले. "पण लोखंडी वस्तू लपवून ठेवलिया पोरीनं. उद्या कुणाच्या डोस्क्यात घातली, तर?"

"माझ्या पोरीनं न्हाय घेतली," नंदीची आई म्हणाली.

"मग काय हातोडीला पाय फुटलं व्हय?"

"ती खोटं बोलत न्हाय, आण्णा. तिला धड खरं बोलाय येईना, खोटं कुठनं बोलंल?"

मामांना हसू आलं. त्यांनी ते टोपी सारखी करताना लपवलं.

"रोज त्या रिकाम्या खिळ्यापुढं जाऊन उभारती," बाळासो म्हणाले. "बोट लावून बघती. मामा, खरं का खोटं?"

"उभारती," मामा म्हणाले. "पर तिथं हातोडीचं चित्र हाय. बाईंनीच डकवलंय."

ते खरं होतं. नंदी आली त्या वर्षी बाईंनी प्रत्येक वस्तूच्या जागी तिचं चित्र लावलं होतं. झाडूच्या खिळ्यावर झाडू, खडूच्या डब्यावर खडू. वस्तू दिसली की तिच्या चित्राच्या जागी पोचवायची, एवढं बाईंनी तिला महिनाभर शिकवलं. आता ती मुलांच्या वाटेत पडलेल्या चपलासुद्धा जोडीनं लावून ठेवते.

"चोराच्या मनात चांदणं," बाळासो म्हणाले.

नंदी उठली आणि बाईंच्या खुर्चीकडं निघाली. बाईंनी मांडीवरच्या पिशवीच्या बाहेरच्या खणातून एक कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. त्यावर उघड्या पंज्याचं चित्र होतं. म्हणजे 'थांब'. नंदी थांबली आणि जागेवर जाऊन बसली.

"बघा, किती ऐकते," बाई म्हणाल्या. आज त्या अर्धा तास आधीच शाळेत आल्या होत्या. पण व्हरांड्यात मामा झाडत होते, म्हणून त्या तशाच वर्गात गेल्या. मग बाळासोंची गाडी आली आणि सगळ्यांना इथं बोलावणं आलं. "लहान आहे ती. समजा घेतली असेल, तरी एवढ्यासाठी तिला शाळेतून काढू नका."

"काढत कोण न्हाय, बाई," बाळासो म्हणाले. "कोल्हापुरात अशा पोरांची वसतिगृहाची शाळा हाय. तिथं सोय चांगली असती."

"ती माझ्या कुशीबिगर झोपत न्हाय," आई म्हणाली. "तिच्याच पितळीत जेवती. दुसऱ्या ताटात वाढलं तर दिवसभर उपाशी ऱ्हाती. तिथं कोण बघणार हे?"



हेडमास्तरांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज आईपुढं सरकवला. "इथं तुमची सही. खाली वर्गशिक्षिकांचा शेरा. ही मुलगी इथं ठेवणं इतर मुलांना धोक्याचं आहे, एवढं लिहिलं की झालं."

आईनं बाईंकडं पाहिलं. "बाई, तुम्ही तिला वळखता. तुम्हीच सांगा, तिनं घेतली आसंल का?"

नंदी पुन्हा उठली. बाईंनी पुन्हा पंजा दाखवला. ती बसली, पण या वेळी अर्धीच, खुर्चीच्या कडेवर.

"मला माहीत नाही, वहिनी," बाई म्हणाल्या.

आईच्या हातातलं पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं. मग तिनं सही केली. अक्षरं मोठी आणि तिरकी आली. पदराच्या टोकानं तिनं पेन पुसलं आणि बाईंपुढं धरलं.

बाईंनी मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली. मग पेन घ्यायला हात मोकळा हवा, म्हणून त्यांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

नंदीनं कार्डाकडं पाहिलं. पंजा दिसत नव्हता.

ती उठली. बाईंच्या मांडीवरच्या पिशवीची चेन अर्धवट उघडी होती आणि तिच्यातून दांड्याचं टोक दिसत होतं. ती चेन तिनं नीट शेवटपर्यंत ओढली. आत हात घालून हातोडी काढली, दोन्ही हातांनी धरून व्हरांड्यात नेली आणि चित्राच्या खिळ्यावर अडकवली. मग दोन्ही कान झाकून ती तिथंच उभी राहिली.