रविवारचे चणे

"बेटा, हात धुऊन घे. गरम आहे तोवर खाऊन टाकू," म्हणत बापूसाहेबांनी मडक्यावरचं झाकण उचललं.

क्षमाला त्या वासानंच गलबलून आलं. काबुली चणे, कांदा, तेजपान, लिंबू. सिफ्नोस नावाच्या ग्रीक बेटावर शनिवारी संध्याकाळी असं मडकं बेकरीच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चहून परतताना घरी नेतात. तिथल्या एका खानावळीत तिचा नवरा वेदांग आचारी होता. आणि आज जबलपुरात तिच्या सासऱ्यांनी, तोफांच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसानं, तेच शिजवलं होतं.

"भट्टी कुठं मिळाली, बाबा?"

"गोहलपुरात एक टोस्टवाला आहे. काल ठेवून आलो. म्हणे, बाबूजी, ये क्या है? म्हटलं, भैया, तू पका, बस." ते हसले. "वेदांग फोनवर नेहमी सांगायचा, करून पाहा. पण दात होते तेव्हा चणे नव्हते, न् आता चणे आहेत तर दात नाहीत!"

क्षमाला हसू आलं नाही. वेदांग बरोबर वर्षापूर्वी, याच तारखेला, समुद्रात बुडाला होता. नेमकी तेव्हाच बापूसाहेबांची बायपास झालेली. डॉक्टर म्हणाले, धक्का बसता कामा नये. मग तिनं थाप मारली, की वेदांग एका मालवाहू जहाजावर आचारी म्हणून लागलाय, तिथं फोन लागत नाही. दर रविवारी ती फोन करी आणि रचलेली खुशाली सांगे. वेदांगचं वजन वाढलं, वेदांगला बढती मिळाली. म्हाताऱ्याला तिनं ताकास तूर लागू दिली नाही. तेही "अच्छा, चलो, सुखी आहे ना," एवढंच म्हणत. त्याच्याशी बोलायचंय, असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही.

आता मात्र तिला हे सोसवेना. खरं सांगायलाच ती बेटावरून एवढ्या लांब आली होती, आणि आल्यापासून जीभ रेटत नव्हती. या घरात तर दुसरं ताट काढायलासुद्धा बापूसाहेबांना माळ्यावरचा डबा उतरवावा लागला होता. अशा एकट्या माणसाला काय सांगायचं?

"चलो, आता गोड," त्यांनी वाटी पुढं केली. उकडलेले गहू, साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे, वर दालचिनी.

क्षमाचा हात थबकला. बेटावर हे जेवणातलं गोड म्हणून कोणी करत नाही. माणूस गेला की त्याच्या वर्षदिवशी, त्याच्या नावानं करतात आणि चर्चमध्ये वाटतात. बिचाऱ्यांनी खीर समजून केलं असणार, आणि तेही नेमकं आजच.

"बाबा, हे काहून केलं?"

"बिघडलं का?"

"नाही, पण तिकडे हे..." तिनं वाटी खाली ठेवली. आता सांगायलाच हवं होतं. "बाबा, आपला वेदांग..."

"माहीत आहे, बेटा. हे कधी करतात, तेही त्यानंच सांगितलं होतं." त्यांनी वाटी पुन्हा तिच्या हातात दिली. "त्याच्या खानावळीतल्या अनिमेषनं मला दवाखान्यातच फोन केला होता. मीच म्हटलं, मला कळलंय हे क्षमाला सांगू नको."

"मग वर्षभर बोलले काहून नाही?"

बापूसाहेबांनी आपल्या वाटीतले गहू चमच्यानं ढवळले.

"बोललो असतो, तर तू रविवारी फोन कशाला केला असता?"