गालावरच्या तीन गांधी
मुलाकडची माणसं सकाळी धर्मशाळेतच मुलगी बघणार होती, म्हणून मादन हिप्परग्याहून आलेल्या सत्यभामाबाईंना खाटेतल्या ढेकणांचीच धास्ती होती. त्यांच्या लेकीनं, गोदावरीनं, आदल्या दुपारीच खाट उन्हात ओढून तिच्या सांध्यांत कढत पाणी ओतलं, चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि अंथरुणाखाली निरगुडीचा पाला पसरला. तरी सकाळी गोदावरीच्या गालावर तीन लाल गांधी उठल्या होत्या. "तोंडातून शब्द काढू नको, पदर पुढं घे," आईनं बजावलं. पण मुलाच्या आत्यानं पदर बाजूला केला आणि ती दचकली. "पोरीला काही आजार हाय का, बाई?" गोदावरीनं मान वर केली. "आजार न्हाई, आत्याबाई. ढेकणं चावलीत. खाटेत कढत पाणी ओतलं, तर ती वरनं, माळवदातनं पडली." मुलगा गुलबर्ग्याच्या शाळेत मास्तर होता. इतका वेळ तो रुमी टोपी भुवयांपर्यंत ओढून बसला होता. आता त्यानं ती काढली. सगळं कपाळ गांधींनी भरलं होतं. "आम्हीबी रात्रीच येऊन पलीकडच्या खोलीत उतरलाव," तो म्हणाला आणि हसला. गोदावरीलाही हसू आवरेना. आत्यानं सरकून तिला सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं. "पाणी किती कढत लागतंय गं?" तिनं विचारलं. ते ऐकून सत्यभामाबाईंनी आल्यापासून पहिल्यांदाच निवांत भिंतीला पाठ टेकली.