थोपटणारा हात

ऑनलाइन लिलावात त्या यंत्रहातावर कुणी बोलीच लावत नव्हतं, कारण विकणाऱ्यानं दोष प्रामाणिकपणे लिहिला होता : ‘जुन्या मालकिणीची सवय जात नाही. कुणी टेकलं की थोपटतो.’ अपघातात उजवा हात गमावलेल्या निशिगंधाला तो मातीमोल भावात मिळाला.

हात बसवल्यावर तिनं किरकिरणाऱ्या तान्ह्याला खांद्यावर घेतलं, तर हात आपणहून थोपटू लागला आणि बाळ गाढ झोपलं. तिनं डाव्या हातानं विकणाऱ्या देवस्थळीआजोबांना फोन लावला.

“आजोबा, हा दोष नाही हो! फार उपकार झाले तुमचे.”

पलीकडून आजोबांनी हळूच विचारलं,

“आमच्या हिचा हात तो. अजून थोपटतोय?”

“हो.”

“मग फोन जरा बाळाच्या पाठीशी धर, पोरी. मलाही ऐकू दे.”